पहिला झाडू

धाकटी सून बतूल बोलायला लागली की बावा मान वळवून उजवा कान तिच्याकडे करायचे. डाव्या कानानं त्यांना कित्येक वर्षं धड ऐकू येत नव्हतं, आणि घरातल्या बाकी माणसांना, त्यातही सफियाला, त्यांनी तो डावा कानच देऊन टाकलेला होता. वीसेक वर्षं ती या घरात थोरली सून म्हणून राबत होती. सालनात मीठ बेताचं झालंय का, एवढं विचारायलासुद्धा तिला दोनदा ओरडावं लागे. आणि ही कालपरवा आलेली पोर बँकेत बोलावं तशी हळू आवाजात बोलत होती, तरी म्हाताऱ्याचं एक अक्षर चुकत नव्हतं.

त्या शुक्रवारी जुम्म्याची नमाज आटपून मुकादमांचं सगळं घर नेरूळच्या फ्लॅटमध्ये जेवायला बसलं होतं. सगळं म्हणजे धाकटा मुझम्मिल सोडून. तो जहाजावर होता, आणि त्याची बायको बतूल त्याच्या वाटचं कौतुकही एकटीच खात होती, असं सफियाचं मत. शायमाच्या, म्हणजे सफियाच्या एकुलत्या एका लेकीच्या, निकाहला दोन आठवडे उरले होते. बोलणं चाललं होतं ते जमातीच्या हॉलचं.

"ते साधं सिमेंट नाही, बावा," बतूल सांगत होती. "त्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस आहे. दगडाचाच तंतू, पण केसाहून कितीतरी बारीक. पत्रा अख्खा असला, त्याला कुणी डिवचला नाही, तर तो सिमेंटात धरून राहतो. घासला, फोडला, भोक पाडलं की धूळ होऊन हवेत येतो. ती धूळ छातीत गेली की परत बाहेर येत नाही."

"आनि मग?"

"मग वीस-तीस वर्षांनी छातीचा आजार. त्याच्यावर औषध नाही."

"वीस-तीस वर्षांनी!" सफिया बावांच्या ताटात भाकरी ठेवता ठेवता म्हणाली. "तवर कोन ऱ्हायलंय इथं!"

तिचा नवरा झहूर खुदकन हसला. बावांना ऐकू गेलं नाही, कारण सफिया डावीकडून वाढत होती.

बतूल शिरवण्याच्या बाजूला एका केमिकल कंपनीत सेफ्टीच्या कामाला होती. तिच्याकडे डोक्यावर घालायचं पिवळं हेल्मेट होतं. गेल्या वर्षी कंपनीत वाफेच्या पाइपांवरचं असलंच जुनं अस्तर काढलं, तेव्हा ती तोंडाला मास्क बांधून दिवसभर उभी होती म्हणे. हे सगळं शायमानं आईला सांगितलं होतं, आणि सांगताना तिचे डोळे असे चमकले होते की सफियाला त्या हेल्मेटचासुद्धा राग आला होता.

बावांनी घास तसाच धरून ठेवला. "आपला सुलेमान दरवर्षी पत्र्यावर चढायचा घासायला. आता खोकून खोकून अर्धा झालाय. त्याचं काय?"

"ते कशानं झालं, मी कशी सांगू? डॉक्टरांनीच सांगायला हवं," बतूल म्हणाली. "पण त्यांना आता वर चढवू नका. कुणालाच नको."

आता ही पत्रे घासायची गोष्ट काय होती, ते सांगायला हवं. हॉल बावांनी उभा केला, तेव्हा नेरूळला रस्त्यापेक्षा चिखल जास्त होता. आसपासच्या गावांतली कोकणी मुसलमान कुटुंबं नव्या इमारतींत राहायला आली, त्यांना लग्नाला, मयताला एक छप्पर हवं होतं. सिमेंटचे पत्रे पडले. पावसाळ्यात त्यांच्यावर शेवाळ धरे, पावसाळा संपला की ते वाळून काळं पडे, आणि लग्नसराई सुरू व्हायच्या आधी माणसं तारेचे ब्रश घेऊन वरून पत्रे घासत, मग आत बांबूच्या मचाणावर उभं राहून खालची जळमटं नि काजळी खरवडत. आत पिठासारखी धूळ पडे. ती धूळ झाडायचा मान नवरीच्या आईचा. किब्ल्याच्या, म्हणजे मक्केकडच्या, भिंतीपासून दारापर्यंत पहिला झाडू तिनं मारायचा, बाया दोन्ही बाजूंना बसून गाणी म्हणणार, आणि मग हॉल त्या नवरीचा झाला असं समजायचं. जमातीत लेकीची आई झाल्याचं सार्थक त्या एका झाडूत होतं. सफियानं आजवर दुसऱ्यांच्या लेकींसाठी बाजूला बसून घसा कोरडा होईपर्यंत गाणी म्हटली होती. आता पाळी तिची होती. त्या दिवशी नेसायची मोरपंखी साडीसुद्धा तिनं इस्त्री करून ठेवली होती.

बतूलनं नेमकं तिथंच बोट ठेवलं.

"आणि भाबी, यंदा कोरडा झाडू नको मारूया. ओल्या फडक्यानं पुसून घेऊ. पत्रे घासायचेच नाहीत, म्हणजे धूळही पडणार नाही. किचनकडचे दोन पत्रे तुटलेत, ते पाणी मारून, न फोडता, अख्खे उतरवून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायचे. त्यासाठी माणसं मी बघते. बाकीच्यांवर रंगाचा हात दिला की झालं. पंख्यासाठी नवीन भोक पाडायचं नाही. बस, एवढंच. लग्न तिथंच होईल."

"फडक्यानं?" सफिया म्हणाली. "माझ्या पोरीच्या लग्नाला मी फरशी पुसू? मोलकरनीवानी?"

"तसं नाही, भाबी..."

"अम्मी, चाची काय सांगते ते ऐक तर," शायमा मधेच म्हणाली.

बावांनी हात वर केला. त्यांचा हात वर झाला की जमातीच्या मीटिंगमध्येही माणसं गप होत. "बतूल सांगते तसं करा," ते म्हणाले, आणि जेवायला लागले.

बतूल सांगते तसं. सफियाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. या घरात 'सफिया सांगते तसं' हे शब्द कुणाच्या तोंडून निघाल्याचं तिला आठवत नव्हतं, आणि तिची याददाश्त चांगली होती.

स्वयंपाकघरात झहूर हात धुवायला आला, तेव्हा तिनं त्याला गाठला.

"तुमी काय का नाय बोललात?"

"काय बोलू? ती शिकलेली हाय. कायतरी असंल त्यात."

"काय नाय त्यात! तिच्या लग्नाला मुरूडला चार मानसं नि एक शामियाना. हॉल नाय, झाडू नाय, गानी नाय. आता माझ्या पोरीचं व्हतंय तर पोटात दुखतंय तिच्या."

"सफिया, तिच्या पोटात नाय दुखत," झहूर टॉवेलला हात पुसत म्हणाला, आणि पुढचं वाक्य त्यानं शहाण्या नवऱ्यासारखं गिळलं.

खरं सांगायचं तर सफियाला पत्र्यांशी काही देणंघेणं नव्हतं. बतूल घरात आल्यापासून तिचं एकेक ठाणं पडत चाललं होतं. आधी बावांचा चहा गेला. बतूल साखर कमी घालते म्हणून बावांना तिच्या हातचा आवडू लागला, आणि वर्षानुवर्षं दोन चमचे साखर मागणारा हाच तो म्हातारा. मग शायमाच्या लग्नाचा शरारा गेला. सफियाच्या मनात लाल होता, मायलेकी बाजारात गेल्या त्या लाल आणायला, बतूल सोबत होती, आणि घरी आला तो पीच. पीच म्हणजे काय रंग असतो, हे सफियाला दुकानदारानं सांगितलं. पण हे सगळं तिनं सोसलं असतं. जे सोसवत नव्हतं ते वेगळंच होतं. पनवेलचा मुलगा, आताचा नवरदेव, शायमाला पसंत आहे, हे शायमानं आधी बतूलला सांगितलं होतं. दाराआड दोघी हसत होत्या, आणि जन्म दिलेली आई बाहेर कपड्यांच्या घड्या घालत होती. सफियाला ते दोन दिवसांनी कळलं, तेही बतूलच्या तोंडून. 'भाबी, शायमाला विचारून बघा हं,' असं म्हणून बतूल गोड हसली होती. ते हसू सफियाच्या घशात अजून माशाच्या काट्यासारखं अडकलेलं होतं.

सोमवारी बतूल ड्यूटीवर गेली, बावा नातेवाइकांना आमंत्रणं द्यायला झहूरबरोबर उरणकडे गेले, आणि सफियानं सितारामला बोलावणं धाडलं. सिताराम शिरवण्याचा. गवंडीकाम, रंगकाम, पत्र्यांचं काम, जे मिळेल ते करायचा.

"दरसाल करतोस तसंच करायचं," सफियानं त्याला सांगितलं. "वरून पन, आतून पन. चांगलं घास."

"पन सुलेमानभाई बोलत व्हता, का यंदा पत्रं घासाचं नाय..."

"लगीन कोनाच्या पोरीचं हाय? सुलेमानभायच्या?"

सिताराम हसला. त्याचे दोन गडी वर चढले. वरून ब्रशाचा खर्रर्र खर्रर्र आवाज यायला लागला, आणि सफियाच्या जिवाला गारवा वाटला. पाणी मारून घासा, असं बतूल म्हणाली असती, हे तिच्या मनात येऊन गेलं. तिनं विचारलंसुद्धा. "ओला करून नाय का घासत?"

"पानी मारला तं पाय सरकंल, वयनी. पत्र्यावर मानूस कोरड्यावरच चढतो," सिताराम वरून ओरडला.

बघा! काम करणाऱ्या माणसाला कळतं. हेल्मेटवालीला काय कळणार? सफिया घरी जाऊन मोरपंखी साडी नेसून आली.

दुपारी बाया जमल्या. मरियमखाला सगळ्यांत पुढे बसली, कारण गाण्याची पहिली ओळ तीच उचलायची. हॉलमध्ये पांढरट धूळ पडली होती. खिडक्यांतून उन्हाचे पट्टे आत आले होते आणि त्यांत ती धूळ तरंगत होती. छान दिसत होतं. शायमाला तिच्या मैत्रिणींनी ओढून आणली. ती नाखुशीनं आली, नाकाला ओढणी लावून भिंतीशी बसली, पण बायांनी तिचं नाव गाण्यात गुंफलं तेव्हा लाजून हसली. सफियानं ते हसू पाहिलं, बिस्मिल्ला म्हटलं आणि किब्ल्याच्या भिंतीपाशी झाडू टेकवला.

ती हळूहळू झाडत आली. एकेक हात मारताना तिच्या मनात येत होतं, हा माझा. हाही माझा. हा हॉल, या बाया, ही लेक. कितीतरी महिन्यांत तिला एवढं बरं वाटलं नव्हतं. अर्ध्या हॉलात आल्यावर तिनं रीतीप्रमाणे झाडू शायमाच्या हातात दिला. नवरीनंही झाडूचे आपले दोन हात मारायचे असतात. शायमा उठली, झाडू घेतला आणि वाकली.

"शायमा."

आवाज दारातून आला. मोठा नव्हता. बतूल उंबऱ्याबाहेर उभी होती. प्लॅस्टिकची मोठी गुंडाळी तिच्या काखेत होती. त्या दोन पत्र्यांसाठी अर्धा दिवस रजा टाकून ती आली होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"शायमा, झाडू सोड. ओढणी नाकावर घट्ट धर आणि बाहेर ये. पळू नकोस. हळू."

शायमानं झाडू तिथंच टाकला आणि चालू लागली. आईकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. पोरगी लहानपणी विहिरीवर वाकली होती, तेव्हा सफियानं घसा फोडून हाका मारल्या होत्या, तरी तिनं एका हाकेत ऐकलं नव्हतं. आणि इथं एका शब्दात! सफियाचं बरं वाटणं तिथंच विझलं.

"सगळ्यांनी बाहेर या," बतूल म्हणत होती. "पंखा बंद करा कुणीतरी. खाला, लुगडं झटकू नका, तसंच या. घरी गेल्यावर कपडे बादलीत भिजत घाला, वाळत घालून झटकायचे नाहीत. डोक्यावरून आंघोळ करा. सिताराम, तुम्ही पण उतरा. तसेच. काही झाडू नका."

गाणं मधेच तुटलं. बाया कुरकुरत उठल्या, पण उठल्या. सफिया एकटी हॉलच्या मधोमध उभी राहिली.

"भाबी, या ना."

"आता काय ऱ्हायलंय बाहेर यायला?"

"भाबी, प्लीज."

सफिया दारापर्यंत आली. तिच्या अंगाचा नुसता भडका उडाला होता. "झालं समाधान? हेच पायजे व्हतं ना तुला?" ती म्हणाली, आणि रागारागानं पदर झटकायला हात वर नेला.

बतूलनं तो हात वरच्या वर धरला. घट्ट. सफियाला वाटलं ही आता ओरडणार, चार बायांत आपली लाज काढणार, आणि खरं तर तिला तेच हवं होतं. म्हणजे तिलाही ओरडता आलं असतं. पण बतूलनं बाटलीतलं पाणी आपल्या रुमालावर ओतलं, आणि सफियाच्या कपाळावरून, पापण्यांवरून, नाकाभोवतीनं अलगद पुसून घेतलं.

"आता हॉल बंद ठेवावा लागेल," ती पुसता पुसता म्हणाली. "ही धूळ सांदीकोपऱ्यांत बसणार. साफ करणारी माणसं आमच्या कंपनीच्या कंत्राटदाराकडे आहेत, मास्कवाली, ओलं करून पुसणारी. पण ती लगेच मिळणार नाहीत. लग्नाआधी तर नाहीच."

"म्हंजे?"

बतूलनं रुमाल पिळला. म्हणजे काय ते सफियाला कळलंच होतं. पत्रे घासले नसते, तर लग्न हॉलमध्ये झालं असतं. फडक्यानं का होईना, झालं असतं.

त्या दिवसापासून घरात कुणी आवाज चढवला नाही, आणि तेच सफियाला जड गेलं. उरणहून आल्यावर बावांनी विचारलं, तर बतूल म्हणाली, "झालं ते झालं, बावा. आता पुढचं बघू." झहूर सगळं समजून होता, पण बायकोच्या तोंडाकडे बघून त्यानं पेपर उघडला. शायमा आईशी बोलत होती, पण पाहुण्यांशी बोलावं तसं. हवं-नको विचारायची, तुटक. रात्रीचं जेवण आवरलं की ती सरळ बतूलच्या खोलीत जायची. सफियाला वाटायचं दार वाजवावं आणि सांगावं, मला पण घ्या तुमच्यात. मग स्वतःचाच राग यायचा. कशाला घ्या? मी आई आहे!

पुढच्या शुक्रवारी बावांनी जमात बोलावली. हॉलला कुलूप होतं, म्हणून अंगणात खुर्च्या नि सतरंज्या टाकल्या होत्या. पुरुष एका अंगाला, बाया दुसऱ्या. बावा उभे राहिले. हॉल बंद राहणार, पत्र्यांना कुणी हात लावायचा नाही, साफसफाई जाणती माणसं येऊन करतील, आणि शायमाचा निकाह शाळेच्या मैदानावर मांडव घालून होईल, एवढं त्यांनी सांगितलं. शेवटचं वाक्य म्हाताऱ्यानं हॉलच्या कुलपाकडे बघत सांगितलं. आपण बांधलेल्या हॉलमध्ये पहिल्या नातीचं लग्न बघायचं, हे त्यांच्याही मनात होतंच की. सफियानं मान खाली घातली.

बायांत कुजबुज सुरू झाली. मरियमखालाला कुजबुजायची सवय नव्हती.

"आजवर दरसाल घासले पत्रे. कोन मेला काय?" ती म्हणाली. "हॉल उभा राह्यला तवापासनं झाडतोय आमी. आनि ही एक येते शिकलेली, नि हॉलला टाळा! आनि नेमका कधी? जावेच्या पोरीच्या लग्नाला! आमाला काय कळत नाय का? स्वतःच्या लग्नात काय झालं नाय ना, म्हनून."

दोन-चार बायांनी माना हलवल्या. "नजर वाईट," कुणीतरी पुटपुटलं.

गेला आठवडाभर सफिया जे स्वतःशी म्हणत होती, तेच मरियमखाला चारचौघांत मोठ्यानं म्हणत होती. शब्दसुद्धा तेच. सफियाला बरं वाटायला हवं होतं. तिनं बतूलकडे पाहिलं.

बतूल सतरंजीच्या कडेला बसली होती, शायमा तिला चिकटून. बतूलनं दोन्ही हात मांडीत ठेवले होते आणि ती जमिनीकडे बघत होती. 'मी आधीच सांगितलं होतं,' एवढं एक वाक्य ती बोलली असती, तर मरियमखालाचं तोंड बंद झालं असतं. ती बोलत नव्हती. शायमा मात्र आईकडे बघत होती. पोरीचे डोळे कोरडे होते आणि ते हलत नव्हते.

आणि सफियाला एकदम कळलं की ही बया बोलणारच नाही. आज नाही, कधीच नाही. सगळं पोटात घालून बसेल. आणि मग एक ना एक दिवस जमातीला कळेलच, कारण झहूरच्या तोंडात तीळ भिजत नाही. मग काय? मग बतूल जन्मभराची मोठी होऊन बसणार. थोरल्या जावेचा गुन्हा झाकला, बोल खाल्ले, चकार शब्द काढला नाही. बावा पाहुण्यांना सांगणार. शायमा आपल्या पोरांना सांगणार, आमची बतूलचाची अशी होती. आणि त्या गोष्टीत सफिया कोण असणार? ते जे काही असणार, ते ऐकायला ती कबरीतसुद्धा सुखानं पडू शकली नसती.

छे! एवढं मोठेपण ती बतूलला फुकटात मिळू देणार नव्हती.

"मरियमखाला, गप बसा जरा," सफिया उभी राहिली. आवाज तिच्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. पुरुषांच्या बाजूलाही माना वळल्या. "हॉल बतूलनं नाय बंद केला. मी केला."

"तू? तू कशाला..."

"तिनं आधी सांगितलं व्हतं. बावांसमोर सांगितलं, जेवताना. पत्रे घासू नका, कोरडा झाडू मारू नका, लगीन इथंच होईल. इथंच, आपल्या हॉलात! आनि मी ती कामावर गेल्यावर मुद्दाम सितारामला बोलावला. त्याची काय चूक नाय, मीच सांगितलं. धूळ माज्यामुळं झाली. तुमच्या अंगावर पन, माज्या पोरीच्या अंगावर पन." ती खाकरली. "पहिला झाडू माजा व्हता ना. तो मला कोनाला द्यायचा नव्हता. बस. आता बोला काय बोलायचं ते, पन मला बोला. तिला कशाला?"

झहूर बायकोकडे असा बघत होता, जणू ही बाई त्याला आत्ताच कुणीतरी दाखवली. बावा खाली बसले, आणि त्यांनी दाढीवरून हात फिरवला. "खरं बोललीस, सून," ते म्हणाले. तेवढंच.

सफियाला वाटलं आता आपल्याला रडू येणार. यायला हरकतही नव्हती, तिचा हक्क होता तो. तिनं पदर डोळ्यांकडे नेला, तेवढ्यात हुंदका ऐकू आला, आणि तो तिचा नव्हता. बतूल रडत होती. हेल्मेटवाली, हळू आवाजात बोलणारी बतूल ओंजळीत तोंड खुपसून लहान पोरीसारखी भोकाड पसरून रडत होती. आठवडाभराचं सगळं एकदम बाहेर येत होतं. मुझम्मिल लांब समुद्रावर, माहेर मुरूडला, आणि घरात जिच्याशी पटवून घ्यायचं ती डोळ्यासमोर धरत नव्हती. हे सफियाला तिथं उभ्याउभ्या पहिल्यांदा सुचलं.

रडणंसुद्धा हिनंच आधी उरकून घेतलं, असंही तिला सुचलं. तेही खरं होतं.

बाया लगेच बतूलकडे धावल्या. कुणी पाणी आणलं, कुणी पाठीवरून हात फिरवला. सगळ्यांत पुढे मरियमखाला. "माजी बाय ती! किती सोसलं पोरीनं, एक शबुद बोलली नाय," असं म्हणत तिनं बतूलचं डोकं स्वतःच्या खांद्यावर ओढून घेतलं. शायमानं दुसऱ्या बाजूनं तिला मिठी मारली. सफियाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. ती तिथं उभी राहून मरियमखालाचा तो जाडजूड हात बतूलच्या केसांवरून फिरताना बघत होती, आणि तिच्या पोटात नेहमीची जुनी आग पेटली. एवढ्या वर्षांची ओळखीची आग. पण या खेपेला ती बतूलवर नव्हती.

सफिया बायांमधून खांदे मारत आत घुसली.

"सरका. खाला, हात काढा तो. मगाशी जीभ चालवत व्हतात, आता हात चालवताय? ती माजी जाव हाय. तिला रडवायची पन मी, नि गप करायची पन मी. काय?"

मरियमखाला आ वासून बाजूला झाली. सफियानं कुणाच्या तरी हातातला पाण्याचा पेला हिसकावून घेतला आणि बतूलच्या शेजारी बसायला गेली. तिथं जागा नव्हती.

"शायमा," ती म्हणाली, "तू पन सरक."

शायमानं आईकडे पाहिलं, आणि ती सरकली.